अलमूतच्या गडावर: तयारीपासून माथ्यापर्यंत

इराणमधल्या अलमूतच्या किल्ल्यावर पोचलं की पहिल्या पाच मिनिटांतच कळतं, इथे बांधकाम फारसं उरलेलं नाही. रायगडासारखी बाजारपेठ नाही, दौलताबादसारखा एकामागून एक तट नाही. काही जोती, थोड्या भिंती, खडकात खोदलेली टाकी आणि उत्खननावर घातलेली छपरं. तेहरानहून एका दिवसात जाऊन-येऊन करणारी मंडळी तासाभरात वर जाऊन फोटो काढतात, उतरतात आणि परतीच्या घाटात म्हणतात, एवढ्यासाठी एवढी तंगडतोड कशाला?

माझं मत स्पष्ट आहे. अलमूतला जायचं तर किमान दोन रात्री काढून जा, नाहीतर तो वेळ इस्फहानला द्या. हा गड त्याच्या भिंतींवरून समजत नाही. तो समजतो खालच्या दरीवरून, पाटाच्या पाण्यावरून, कोठारांवरून आणि आत शिरणाऱ्या अरुंद वाटांवरून. सह्याद्रीत गड पाहताना आपण आधी पाणी कुठे आहे आणि वाटा कुठून येतात हे बघतो, तीच नजर इथे लागते. ती नजर घेऊन कसं जायचं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिलं काम: आत्ता जायचं का, हे ठरवा

तिकीट काढायच्या आधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि तेहरानमधल्या भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचा. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्ध बारा दिवस चाललं, तेव्हा हवाई हद्द बंद झाली आणि हजारो भारतीयांना ‘ऑपरेशन सिंधू’खाली परत आणावं लागलं. त्यातले कित्येक जण आधी रस्त्याने शेजारच्या देशात गेले आणि मग विमानात बसले. सूचनेत ‘अनावश्यक प्रवास टाळा’ असं लिहिलेलं असेल तर जाऊ नका. गड साडेअकराशे वर्षांहून जास्त काळ तिथे उभा आहे, आणखी दोन वर्षांनीही असेल. शिवाय अशी सूचना लागू असताना प्रवास विमा बहुधा चालत नाही. एरवीसुद्धा विमा घेताना ‘इराण समाविष्ट आहे’ हे लेखी घ्या, कारण कित्येक कंपन्या निर्बंधांमुळे तो देश वगळतात.

व्हिसाबद्दल जुने व्हिडिओ बघून फसू नका. फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने येणाऱ्या भारतीय पर्यटकांना १५ दिवसांपुरती व्हिसामाफी होती. नोकरीचं किंवा पुढे तिसऱ्या देशात पोचवण्याचं आमिष दाखवून लोकांना इराणमध्ये बोलावायचं आणि तिथे ओलीस धरून खंडणी मागायची, असे प्रकार घडले, आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने ही माफी थांबवली. त्यामुळे निघण्यापूर्वी व्हिसाची सोय करूनच जायचं असं धरून चाला. अर्ज इराणच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर होतो, आणि मुंबईत इराणचा वाणिज्य दूतावास आहे. निघण्याच्या तारखेआधी किमान महिनाभर हे काम हातात घ्या.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. तुमचा पासपोर्ट अमेरिकन, ब्रिटिश किंवा कॅनेडियन असेल, तर इराणमध्ये एकट्याने फिरता येत नाही, मान्यताप्राप्त गाइडसोबत ठरलेल्या मार्गानेच जावं लागतं. आणि ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन किंवा युरोपीय पासपोर्टवर ‘एस्टा’, म्हणजे व्हिसाऐवजीची ऑनलाइन परवानगी, काढून अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की १ मार्च २०११ नंतर इराणला गेलेल्यांना ती सवलत मिळत नाही, त्यांना पूर्ण व्हिसा काढावा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्यांना तो तसाही काढावाच लागतो, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही.

दुसरं काम: इतिहास घरूनच वाचून जा

गडावर माहितीफलक तुटपुंजे आहेत, आणि लोकांच्या डोक्यात आधीपासून असते ती एकच गोष्ट: गडावरचा ‘डोंगरावरचा म्हातारा’ तरुणांना अफूगांजाची नशा देऊन गुप्त बागेत सोडतो आणि त्यांचे मारेकरी बनवतो. ती गोष्ट आधी बाजूला ठेवा.

किल्ला पहिल्यांदा बांधला गेला नवव्या शतकात, साधारण ८६० च्या सुमारास. देयलम प्रांताच्या जुस्तानी घराण्यातल्या वहसूदान नावाच्या राजाने तो बांधला असं मानतात. आख्यायिका अशी की राजा शिकारीला आला असता त्याचा गरुड या खडकावर जाऊन बसला, आणि जागेचं मोल राजाच्या ध्यानात आलं. ‘आलुह’ म्हणजे गरुड आणि ‘आमूख्त’ म्हणजे शिकवलं. तिथल्या बोलीत त्याचं अलमूत झालं, ‘गरुडाची शिकवण’. काही जण ‘गरुडाचं घरटं’ असाही अर्थ लावतात.

गडाला नाव मिळवून दिलं हसन सब्बाहने. जन्म कूम शहरातला, शिक्षण रे आणि कैरो या शहरांतलं, पंथ इस्माइली, म्हणजे शियांमधली एक शाखा. त्या काळी इराणवर सेल्जुक तुर्कांची सत्ता होती. हसनने १०९० मध्ये हा गड घेतला, आणि तोही लढाई न करता. आधी आसपासच्या गावांत त्याचे प्रचारक फिरले, मग गडावरचे शिपाई एकेक करून त्याच्या बाजूला आले, आणि शेवटी तो स्वतः खोट्या नावाने गडावर राहायला आला. गडाचा ताबा असलेल्या महदीला कळलं तेव्हा गडावर त्याचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. हसनने त्याला जाऊ दिलं आणि ३,००० सोन्याच्या दीनारांची हुंडी हातावर ठेवली, असं परंपरा सांगते. त्यानंतर १०९२ मध्ये सेल्जुक फौजेने वेढा घातला, तेव्हा गडावर साठ-सत्तर माणसंच होती. तरी गड पडला नाही. हसन ११२४ मध्ये वारला. तोपर्यंत साडेतीन दशकं तो या खडकावरून खाली उतरला नाही.

पुढे १२५६ मध्ये हुलागू खानाचे मंगोल आले. शेवटचा अधिपती रुक्नुद्दीन खुर्शाह जवळच्या मैमूनदिझ किल्ल्यात होता. तिथे तो शरण आला आणि पाठोपाठ डिसेंबरमध्ये अलमूतही रिकामा झाला. हुलागूसोबत अता मलिक जुवैनी हा इतिहासकार होता. जाळपोळीआधी त्याला गडावरचं ग्रंथालय पाहायची परवानगी मिळाली. कुराणाच्या प्रती, काही निवडक ग्रंथ आणि खगोलशास्त्राची उपकरणं त्याने बाहेर काढली आणि बाकीचं आगीत जाऊ दिलं. म्हणजे अलमूतबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंच त्याच माणसाने लिहून ठेवलं आहे ज्याने इस्माइलींची पुस्तकं जाळू दिली. गडावर उभं राहिल्यावर ही गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

बाग आणि नशेची कथा मुख्यतः मार्को पोलोमुळे युरोपात पसरली. तो इराणमधून गेला १२७० च्या दशकात, गड पडून पंधरा-वीस वर्षं झाल्यावर. ‘हशीशी’ हा शब्द विरोधकांनी वापरलेली शिवी होती, त्यावरूनच युरोपी भाषांत ‘असॅसिन’ झालं. इस्माइली पंथाने ठरवून माणसं मारली हे खरं आहे. सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क याचा १०९२ मधला खून त्यांच्याच नावावर मांडला जातो. पण नशा देऊन बागेत सोडल्याचा त्या काळच्या इस्माइली लिखाणात पुरावा नाही. इस्माइली माणसासमोर हा शब्द गमतीने वापरू नका, त्यांच्यासाठी अलमूत ही इमामांची, म्हणजे पंथप्रमुखांची, जागा आहे.

आणि त्या इमामांचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. खुर्शाहनंतरही परंपरा खंडली नाही असं निझारी इस्माइली, म्हणजे अलमूतच्याच शाखेतले लोक, मानतात. त्या परंपरेतले ४६वे इमाम हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, इराणच्या शाहशी बिनसल्यावर १८४०च्या दशकात मुंबईत आले आणि इथेच राहिले. ते १८८१ मध्ये वारले. माझगावच्या हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे. खोजा समाजाच्या मालमत्तेवरून आणि आगाखानांच्या हक्कावरून मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला, आणि १८६६ च्या निकालात न्यायमूर्ती आर्नूल्ड यांनी अलमूतपासूनचा सगळा इतिहास तपासला. पुण्याचा आगाखान पॅलेस पहिल्या आगाखानांच्या नातवाने, तिसऱ्या आगाखानांनी, १८९२ मध्ये बांधला. आपण तो कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाधींसाठी ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण निघण्याआधी एकदा हसनाबादला बाहेरून का होईना जाऊन या. मग गडाच्या पायथ्याच्या गाझोरखान गावात उभं राहून वर बघाल तेव्हा तो खडक परका वाटत नाही.

पैसे, फोन, कपडे

आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे भारतातलं कोणतंही बँक कार्ड इराणमध्ये चालत नाही. एटीएममधून पैसे निघत नाहीत, हॉटेलात कार्ड घेत नाहीत. संपूर्ण प्रवासाचा खर्च, आणि वर निम्मा जादा, युरो किंवा डॉलरच्या रोख नोटांत न्या. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या असाव्यात. बदलून घ्यायच्या त्या तेहरान किंवा वाटेवरच्या कझवीन शहरातच, दरीत सोय नाही.

कागदावरचं चलन रियाल, बोलीतलं तोमान. १ तोमान म्हणजे १० रियाल. दुकानदार सांगतो तो आकडा बहुतेक वेळा तोमानमध्ये असतो, आणि नोटेवर रियाल छापलेले असतात. किंमत ऐकली की ‘तोमान?’ एवढं विचारायची सवय लावा. दुसरी अडचण ‘तआरोफ’ची. टॅक्सीवाला पैसे घ्यायच्या वेळी ‘काबेल नदारे’ म्हणतो, म्हणजे ‘राहू द्या हो, एवढं काय त्यात’. हा शिष्टाचार आहे. ते खरं समजून उतरून चालू लागलात तर बिचाऱ्याची पंचाईत होते. दोनदा आग्रह करा, तिसऱ्यांदा तो घेतो.

फोनसाठी विमानतळावर स्थानिक सिमकार्ड घ्या. बरीच परदेशी ॲप्स तिथे बंद असतात, म्हणून नकाशे आधीच फोनवर उतरवून ठेवा. शहरात फिरायला स्नॅप हे टॅक्सीचं ॲप आणि रस्त्यांसाठी नेशान हे नकाशाचं ॲप लोक वापरतात. दरीत काही वळणांवर रेंज अजिबात नसते. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११५ आणि रेड क्रेसेंटच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा.

बायकांनी डोक्याला रुमाल आणि मांड्यांपर्यंत येणारा, हात झाकणारा सैल कुडता ठेवावा. आपला कॉटनचा लांब कुर्ता याला उत्तम चालतो. शहरांत अनेक इराणी बायका आता रुमाल घेत नाहीत, पण कायदा तसाच आहे, आणि पाहुण्याने त्यात धोका पत्करू नये. पुरुषांनी हाफ पँट घालू नये. ड्रोन नेऊ नका. पोलीस चौक्या, लष्करी वाहनं, पूल यांचे फोटो काढू नका. ही सूचना सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी चूक होते, कारण घाटातून जाताना गाडीच्या काचेतून आपण सरसकट फोटो काढत असतो.

कधी जायचं

मेच्या मध्यापासून जूनअखेर, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनमध्ये गाझोरखानच्या बागांत चेरी पिकते आणि वरच्या डोंगरांवर थोडा बर्फ शिल्लक असतो. ऑक्टोबरमध्ये झाडं पिवळी-तांबडी होतात आणि हवा इतकी स्वच्छ असते की दरी टोकापर्यंत दिसते. मला विचाराल तर ऑक्टोबर. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होऊ शकतो. नवरोजच्या सुट्टीत, २१ मार्चपासून पुढचे तेरा दिवस, अख्खा इराण रस्त्यावर असतो, तेव्हा टाळा. मोहरममधले तासुआ आणि आशूरा हे दोन दिवस बहुतेक सगळं बंद असतं. आठवड्याची मुख्य सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी दुपारपासून तेहरानच्या गाड्यांची रांग दरीकडे लागते, म्हणून गड पाहायला रविवार ते बुधवार चांगले.

तेहरान ते कझवीन

इमाम खोमेनी विमानतळ तेहरानच्या दक्षिणेला, शहरापासून बराच लांब आहे. तिथून कझवीनला जायला शहराच्या मध्यात शिरायची गरज नाही. आझादी चौकाजवळच्या पश्चिम बसस्थानकावरून कझवीनच्या बस दिवसभर सुटतात. अंतर साधारण १५० किलोमीटर, वेळ दोन-अडीच तास, वाहतूक कोंडीत अडकलात तर जास्त. रेल्वेही आहे.

कझवीनला एक रात्र जरूर काढा. सोळाव्या शतकात शाह तहमास्पने सफवी घराण्याची राजधानी इथे आणली आणि १५९८ मध्ये शाह अब्बासने ती इस्फहानला नेली. त्या काळातला चेहेल सुतून हा छोटा महाल शहराच्या मध्यात आहे, आणि नंतरच्या काजार घराण्याच्या काळातली सादुस्सल्तने ही प्रचंड सराई आता दुकानं आणि चहाच्या जागांनी भरलेली आहे. जेवायला ‘कैमे नेसार’ मागा. बारीक चिरलेलं मांस, बदाम-पिस्त्याचे काप, संत्र्याच्या सालीचे तुकडे आणि झेरेश्क ही आंबट लाल फळं घातलेला हा भात कझवीनचाच. शाकाहारींसाठी सोय कमी आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. बाकलावा मात्र सगळ्यांसाठी.

कझवीन ते गाझोरखान

अंतर १०० किलोमीटरच्या आसपास, पण अडीच ते तीन तास धरा. रस्ता आधी डोंगर चढतो, मग शाहरूद नदीच्या दरीत खोल उतरतो आणि पुन्हा चढतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसावं.

जायचे दोन मार्ग. पहिला ‘सवारी’, म्हणजे वाटून घ्यायची टॅक्सी. शब्द ऐकताच आपल्याला कळतो. चार प्रवासी भरले की ती सुटते, बहुतेक सकाळी, आणि मोअल्लेम कलाये या दरीतल्या मुख्य गावापर्यंत जाते. तिथून गाझोरखानला वेगळी गाडी करावी लागते. दुसरा मार्ग ‘दरबस्त’, म्हणजे दार बंद करून पूर्ण टॅक्सी आपलीच. दोघे-तिघे असाल तर दरबस्तच करा, कारण वाटेत थांबता येतं, आणि या रस्त्यावर थांबणं महत्त्वाचं आहे. भाडं कझवीनच्या हॉटेलात विचारून घ्या, आणि ड्रायव्हर रात्री परत जाणार की थांबणार हे आधी स्पष्ट ठरवा.

थांबायची मुख्य जागा शीरकूहची घळ. तालेकान आणि अलमूत या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि त्यांची शाहरूद होते. अलमूत नदी घळीतून बाहेर पडते तिथे दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत. गाडीतून उतरून आत बघा. पश्चिमेकडून येणाऱ्या फौजेला दरीत शिरायचं तर इथूनच शिरावं लागे, म्हणजे गड दिसायच्या कितीतरी आधी गडाचा पहिला दरवाजा तुम्ही ओलांडता. त्याला चौकट तेवढी नाही. खालच्या भागात, शाहरूदच्या काठाला, भाताची खाचरं दिसतात. आपल्या मावळातल्यासारखीच, फक्त मागे उघडे, रंगीत मातीचे डोंगर.

गाझोरखानमध्ये घरगुती मुक्कामाच्या खोल्या मिळतात. गाव गडाच्या खडकाच्या पायथ्यालाच आहे. दुपारी पोचा, चहा घ्या, आणि त्या दिवशी वर जाऊ नका. संध्याकाळी गावाच्या बागांमधून फिरा आणि खडक खालून, चारी अंगांनी बघा. जुवैनी म्हणतो की हा डोंगर गुडघे टेकून मान जमिनीवर पसरलेल्या उंटासारखा दिसतो. कुठल्या बाजूने तो तसा दिसतो हे शोधत फिरण्यात संध्याकाळ छान जाते.

चढाई

सकाळी तिकीटखिडकी उघडली की निघा. परदेशी पाहुण्यांना तिकीट वेगळ्या दराने असतं. पायऱ्या बांधलेल्या आहेत, वाट चुकण्यासारखी नाही. नेहमी गड चढणाऱ्याला अर्धा तास, सवय नसलेल्याला पाऊण तास. पण एक लक्षात घ्या, माथा समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटरहून जास्त. हवा कोरडी, ऊन कडक. पहिल्या दहा मिनिटांत नेहमीपेक्षा लवकर दम लागतो, त्यात काळजीचं काही नाही. हळू चढा. पाणी प्रत्येकी दीड लिटर, टोपी, आणि जूनमध्येही वाऱ्यासाठी एक जाकीट. बूट पकड असलेले हवेत, कारण माथ्यावर बारीक खडी सुटी झालेली असते आणि काही कडांना कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका.

वर काय आणि कसं बघायचं

माथा लांबट आणि अरुंद आहे. किल्ल्याची लांबी साधारण १२० मीटर, रुंदी कुठे १० तर कुठे ३५ मीटर. आत शिरायची वाट ईशान्येच्या टोकाला. गावकऱ्यांच्या बोलीत पूर्वेच्या खालच्या भागाला ‘जीर कला’ आणि पश्चिमेच्या उंच भागाला ‘जूर कला’ म्हणतात. आपल्या भाषेत माची आणि बालेकिल्ला म्हणा हवं तर.

आत जाताना खडक फोडून केलेला छोटा बोगदा लागतो. तिथे थांबून भिंतीवरून हात फिरवा, छिन्नीच्या खुणा लागतात. पुढे उत्खननातली जोती आणि भिंती. दगड जिप्समच्या चुन्यात बसवलेले आहेत, कुठे विटाही. एक सावधगिरी बाळगा: दिसणारी प्रत्येक भिंत हसन सब्बाहची समजू नका. मंगोलांनी गड पाडला, नंतर तो पुन्हा वापरात आला, सफवी काळात इथे कैदी ठेवले जात, आणि मग खजिना शोधणाऱ्यांनी ठिकठिकाणी खणून राडा केला. या शतकाच्या सुरुवातीपासून पुरातत्त्वज्ञ हमीदेह चूबक यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर उत्खनन झालं, तेव्हा हे एकावर एक चढलेले थर सुटे होऊ लागले. त्यामुळे गाइड एखाद्या खोलीकडे बोट दाखवून ‘हीच हसनची खोली’ म्हणाला, तर मान डोलवा आणि पुढे चला.

खरा वेळ द्या पाण्याला. खडकात खोदलेली टाकी शोधा. गडामागच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या भाजक्या नळांतून इथे आणलेलं होतं. फारसीत अशा साठ्याला ‘आब-अंबार’ म्हणतात. आब म्हणजे पाणी, अंबार म्हणजे साठा. पन्हाळ्याचा अंबारखाना पाहिलेल्या माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दक्षिणेच्या उतारावर खडकातच खोदलेला खंदक आहे, तोही वरून दिसतो का बघा.

जुवैनीने साठ्यांबद्दल लिहिलेला तपशील इथे आठवावा. हसनच्या काळात भरलेलं धान्य आणि इतर जिन्नस मंगोल आले तेव्हाही न नासलेले सापडले, म्हणे. एक सैनिक मधाच्या टाक्यात खोलीचा अंदाज न घेता उतरला आणि बुडता बुडता वाचला. दीडशे वर्षांत कुणाला हा गड लढून घेता आला नाही, त्याचं उत्तर या टाक्यांत आहे. खाली नदीपासून पाट काढून पाणी गडाच्या पायथ्यापर्यंत आणलं होतं आणि त्यावर शेती होत होती, हेही तोच सांगतो. मारेकऱ्यांच्या कथांनी या माणसांचं शेतीचं आणि पाण्याचं काम पार झाकून टाकलं आहे. मला वाटतं, त्यांच्यावर झालेला मोठा अन्याय तोच.

मग पश्चिमेच्या उंच टोकाला जा आणि तासभर बसा. दक्षिणेला गाझोरखानची छपरं आणि बागा, त्यापलीकडे अलमूत नदीची दरी, उत्तरेला अल्बोर्झची उंच रांग. गावं मोजा. प्रत्येक हिरवा ठिपका म्हणजे एक झरा किंवा एक पाट. दरीत कुठूनही कुणी आलं तर ते इथून दिसतं, आणि खालच्या माणसाला मात्र गड शेवटच्या वळणापर्यंत नीट कळत नाही, कारण तो मागच्या डोंगराच्या रंगात मिसळून जातो. त्या ग्रंथालयाचाही विचार याच जागी करा. नसीरुद्दीन तूसीसारखा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ इस्माइलींच्या किल्ल्यांत वर्षानुवर्षं राहिला, लिहीत होता. गड पडल्यावर तो हुलागूच्या पदरी गेला, आणि १२५९ मध्ये मरागे इथे वेधशाळेचं काम त्याच्याच हाताखाली सुरू झालं.

दुसरा दिवस: दरीसाठी

एक दिवस गाडी करून दरीत फिरा. सगळं एका दिवसात होत नाही, निवड करा.

गडांची आवड असेल तर परतीच्या वाटेवर राझमियान गावाजवळचा लमसर. कियाबुझुर्ग उमीदने, जो पुढे हसनचा वारस झाला, तो घेतला आणि नव्याने बांधला. विस्ताराने अलमूतपेक्षा कितीतरी मोठा, पाहायला येणारे अगदी थोडे. मंगोलांसमोर तो १२५७ पर्यंत टिकला. एकच जादा जागा बघायची असेल तर मी लमसर सांगेन. खुर्शाह जिथे शरण आला तो मैमूनदिझ शम्स कलाये गावाजवळ आहे, पण तिथे ठिसूळ कड्यात कोरलेल्या गुहा उरल्या आहेत. खालूनच बघा, वर चढायचा प्रयत्न करू नका.

मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर एवान सरोवर. काठावर बसायचं, चहा करायचा, बस्स. चालायची हौस असणाऱ्यांसाठी गर्मारूद गावापासून पीचेबनच्या जुन्या सराईजवळून सलाम्बार खिंड ओलांडून कास्पियनच्या बाजूला उतरणारी जुनी व्यापारी वाट आहे. खिंड ३,००० मीटरच्या वर, त्यामुळे फक्त उन्हाळ्यात आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच.

खाण्यापिण्याचं

‘नान’, ‘पनीर’ आणि दह्यासाठी ‘मास्त’, एवढ्यावर न्याहारी निभावते. शाकाहारींनी ‘बेदूने गूश्त’, म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द पाठ करावेत. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण ‘गूश्त’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर मटण किंवा गोमांस येतं, कोंबडी त्यात धरत नाहीत. ‘मोर्ग’ म्हणजे कोंबडी, ‘माही’ म्हणजे मासा, तेही सांगा. ‘अदसी’ ही मसुराची आमटी बहुतेक मिळते. ‘कश्के बादेमजान’ हे वांग्याचं भरीत चांगलं लागतं. ‘मिर्झा कासेमी’ हेही वांग्याचंच, पण त्यात अंडं असतं. ‘आश’ या घट्ट सूपात हाडांचा रस्सा आहे का, हे विचारून घ्या. घरगुती मुक्कामात आदल्या दिवशी सांगितलंत तर यजमानीणबाई भाजी-भात आवर्जून करतात.

चहा काळा मिळतो, सोबत साखरेचे खडे. खडा दातात धरायचा आणि वरून चहा प्यायचा. दुधाचा चहा मागू नका, मिळाला तरी मन भरणार नाही. निघताना गाझोरखानमधून अलमूतचे फंदोक, म्हणजे हेझलनट, घ्या. ते कवचासकट घ्या, प्रवासात टिकतात. मोअल्लेम कलायेहून कझवीनकडे जाणाऱ्या सवाऱ्या सकाळीच जास्त असतात, दुपारनंतर ताटकळावं लागतं. म्हणून आदल्या रात्रीच यजमानांना गाडी सांगून ठेवा आणि सहा वाजता तयार राहा.